बंद टीव्हीतला गोळीबार

एक माणूस आपल्या घरात खुर्चीवर बसला आहे. समोर टीव्ही आहे. गोळीबार, आरडाओरड, हेलिकॉप्टरची घरघर या आवाजांनी खोली भरून गेली आहे. मुले आजूबाजूला खेळत आहेत, बायको काही विचारते आहे, आणि हा एकटक पडद्याकडे पाहतो आहे. बघत असेल एखादा युद्धपट, असे आपल्याला वाटते. मग कॅमेरा फिरतो आणि लक्षात येते की टीव्ही बंद आहे. खोलीत तसा कोणताच आवाज नाही. तो आहे फक्त त्या माणसाच्या डोक्यात.

हे दृश्य 'अमेरिकन स्नायपर' या चित्रपटातले. क्लिंट ईस्टवुड यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. नायक काल्पनिक नाही. ख्रिस काईल हा टेक्सासमध्ये १९७४ साली जन्मलेला, अमेरिकी नौदलाच्या 'सील' या खास पथकातला सैनिक. स्नायपर म्हणजे दुरून, दबा धरून, दुर्बीण लावलेल्या बंदुकीने अचूक नेम साधणारा. इराकच्या युद्धात काईल चार वेळा गेला. त्याच्या नावावर १६० माणसे मारल्याची अधिकृत नोंद आहे. नौदल सोडल्यावर त्याने लिहिलेले आत्मकथन २०१२ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यावरच हा चित्रपट बेतलेला आहे. ब्रॅडली कूपर या नटाने काईलची भूमिका केली आहे.

चित्रपटावर तिकडे मोठे वादळ उठले. कोणी त्याला वीरगाथा म्हटले, कोणी युद्धाची जाहिरात. त्या वादाकडे आपण शेवटी थोडे वळू. आमच्या दृष्टीने या चित्रपटात शिकण्याजोगे आहे ते युद्धभूमीवरच्या प्रसंगांत नाही, घरातल्या प्रसंगांत आहे. मोटारीच्या गॅरेजमध्ये चाकाचे नट सोडवण्याचे यंत्र करकरते आणि काईल दचकतो. गरोदर बायकोबरोबर डॉक्टरांकडे गेला असता सहज म्हणून त्याचाच रक्तदाब मोजतात, तर तो भलताच चढलेला निघतो. रस्त्यात मागून येणाऱ्या गाडीवर त्याची नजर खिळलेली असते. घरच्या मेजवानीत एक कुत्रा मुलाशी झोंबाझोंबी करत खेळतो आहे, तर हा कमरेचा पट्टा उपसून त्या कुत्र्यावर धावतो. आणि विचारले तर म्हणतो, मी अगदी ठीक आहे.

शेकडो मीटरवरून, श्वास रोखून, बोट न थरथरता गोळी झाडणारा माणूस गॅरेजमधल्या आवाजाला दचकतो कसा? त्याचे मन कमकुवत होते म्हणावे, तर रणांगणावर ते कुठे दिसले नाही. धीट होते म्हणावे, तर घरी आल्यावर त्याला झाले काय?

या प्रश्नाचे उत्तर पूर्वी फार सोपे समजले जाई. अशा सैनिकाला भ्याड म्हणत. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर जेकब द कोस्टा या डॉक्टरांनी १८७१ साली सैनिकांच्या विनाकारण धडधडणाऱ्या हृदयाचे वर्णन केले, पण दोष हृदयातच आहे अशी समजूत राहिली. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्याखाली राहिलेले सैनिक मुके होत, थरथर कापत, त्यांना चालता येईनासे होई. चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये याविषयी लिहिताना 'शेल शॉक' हा शब्द वापरला. तोफगोळ्याच्या स्फोटाने मेंदूला प्रत्यक्ष धक्का बसत असावा अशी तेव्हाची अटकळ होती. पण स्फोटाच्या जवळही न गेलेल्या सैनिकांमध्ये तीच लक्षणे दिसू लागली तेव्हा पंचाईत झाली. सैन्याच्या शिस्तीत पंचाईतीला जागा नसते. पळून जाणे, भ्याडपणा अशा आरोपांखाली त्या युद्धात ब्रिटिश सैन्याने आपल्याच ३०६ सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांतले काही जण आज आपण ज्याला आजार म्हणतो त्यानेच ग्रासलेले होते. या सर्वांना ब्रिटनने माफी दिली ती २००६ साली, म्हणजे नव्वद वर्षांनी.

व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांचे हाल पाहून अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली या आजाराला आपल्या अधिकृत यादीत स्थान दिले. नाव दिले 'पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर', थोडक्यात पीटीएसडी. मराठीत आघातोत्तर ताण विकार म्हणता येईल. नको असताना घुसणाऱ्या आठवणी आणि दुःस्वप्ने, त्या आठवणी जागवणाऱ्या गोष्टी टाळणे, मन बधिर होणे, आणि सतत सावध राहून जरा खुट्ट झाले की दचकणे, ही त्याची मुख्य लक्षणे. महिनाभराहून अधिक काळ ती टिकली आणि त्यांनी रोजचे जगणे अवघड केले, तर पीटीएसडी म्हणतात.

हा आजार सैनिकांचीच मिरास नाही हे इथेच सांगितलेले बरे. अपघात, अत्याचार, पूर, भूकंप यांतून वाचलेल्या कोणालाही तो होऊ शकतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडामातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. त्यानंतर कितीतरी दिवस त्या भागातले लोक उभ्या असलेल्या घरातही आत झोपायला धजावत नव्हते. त्यांना कोणी भित्रे म्हटले नाही. भिंत पडते हे त्यांचे शरीर एका रात्रीत शिकले होते.

'शिकले' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला आहे. पुढचा सारा लेख त्या एका शब्दाभोवती आहे.

दचकण्याचा प्रयोग

वर्गात एक साधा प्रयोग करून पाहता येईल. एका विद्यार्थ्याला समोर पाहत बसवा आणि त्याच्या मागे, त्याच्या नकळत, जाड वही टेबलावर आपटा. इतरांनी त्याच्या पापण्यांकडे लक्ष ठेवायचे. पापण्या मिटतातच. 'मिटू द्यायच्या नाहीत' असा निश्चय करून बसला तरी मिटतात. (ज्या मुलाने नुकताच एखादा अपघात किंवा मारहाण अनुभवली आहे त्याला मात्र या प्रयोगात घेऊ नये. कारण लेख वाचताना कळेलच.)

आवाज कानी पडल्यापासून पापणी मिटायला सेकंदाच्या विसाव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. एवढ्यात आवाज कसला हे ओळखणे शक्यच नाही. कानाकडून निघालेला संदेश मेंदूच्या तळाशी असलेल्या भागातून, दोनतीन चेतापेशींच्या साखळीतून, थेट स्नायूंकडे जातो. विचार करणारा मेंदू या व्यवहारात नंतर सामील होतो. 'अरे, वहीच होती' असे म्हणून मूल हसते ते त्यानंतर.

आता तीच वही पुन्हा पुन्हा आपटा. पाचव्या-सहाव्या वेळी दचकणे बरेच कमी झालेले दिसेल. या आवाजातून काही वाईट घडत नाही हे शरीराने जोखले. याला सवय होणे म्हणतात, आणि तेही एक प्रकारचे शिकणेच आहे.

पण दर वेळी आवाजामागून खरोखरच काही भयंकर घडत असेल तर? न्यूयॉर्कचे संशोधक जोसेफ लेडू यांनी १९८० च्या दशकात उंदरांवर केलेले प्रयोग यासाठी महत्त्वाचे आहेत. एक सूर ऐकवायचा आणि लगेच पायांना विजेचा हलका झटका द्यायचा. काही वेळातच नुसता सूर ऐकून उंदीर जागच्या जागी थिजतो. लेडूंनी आवाजाचा अर्थ लावणारा मेंदूच्या वरच्या थरातला भाग काढून टाकला, तरी उंदीर त्या सुराला भ्यायला शिकलाच. म्हणजे भीतीचा संदेश दुसऱ्या, जवळच्या वाटेनेही जातो. ही वाट जाते बदामाच्या आकाराच्या अमिग्डाला या भागाकडे. मेंदूच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या पातळीवर आत खोल, ते एकेक असते. तिथून हुकूम सुटले की अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात, हृदय जोरात धडधडू लागते, रक्तदाब चढतो, बाहुल्या विस्फारतात, स्नायू ताठ होतात. हे सारे 'हा आवाज कसला' हे कळण्याआधी.

युद्धात ही वाट जीव वाचवते. रस्त्याकडेच्या कचऱ्याच्या ढिगात बॉम्ब असू शकतो, मागची गाडी स्फोटकांनी भरलेली असू शकते, अशा शहरात जो आधी दचकतो आणि मग विचार करतो तो जगतो. रमादी किंवा फालुजाच्या रस्त्यावर काईलचे वागणे बिनचूक होते. तेच वागणे टेक्सासमधल्या गॅरेजात आजार ठरते. मेंदूने धडा चुकीचा शिकला नव्हता. धडा कुठे लागू आहे आणि कुठे नाही, तेवढे त्याला समजत नव्हते.

दुर्बिणीतून दिसणारा चेहरा

स्नायपरच्या बाबतीत यात आणखी एक गोष्ट मिसळते. त्यासाठी थोडे गणित करू. काईलची सर्वांत लांबची गोळी २००८ साली बगदादच्या सद्र सिटी भागाजवळ सुमारे १,९२० मीटरवरून लागली. रॉकेट डागण्याच्या बेतात असलेला माणूस तिचा बळी होता. इतक्या अंतरासाठी गोळीला सुमारे ४ सेकंद लागतात. आवाजाचा हवेतला वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर बंदुकीचा बार तिथे पोहोचायला साडेपाच सेकंदांहून अधिक लागतात. म्हणजे ज्याला गोळी लागते त्याला तिचा आवाज ऐकूच येत नाही. झाडणाऱ्याला मात्र हे चार सेकंद दुर्बिणीतून पाहत राहावे लागते.

शहरातल्या लढाईत अंतर सहसा बरेच कमी, काहीशे मीटर असते. वस्तू दहापट मोठी दाखवणारी दुर्बीण लावली तर ४०० मीटरवरचा माणूस ४० मीटरवर असल्यासारखा दिसतो. शाळेच्या पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला मुलगा आपल्याला दिसतो, तसा. त्याने कपडे कोणते घातले आहेत, तो हातवारे कसे करतो, थकला आहे की हसतो आहे, सारे दिसते. तोफखान्यातल्या सैनिकाला किंवा बाँबफेक्या वैमानिकाला हे दिसत नाही. आणि हातघाईच्या लढाईत 'मी मारले नाही तर तो मला मारेल' हे जे कारण असते तेही स्नायपरजवळ बहुधा नसते. समोरच्याला तो कुठे आहे याचा पत्ताही नसतो. वाचतात ते त्याचे साथीदार.

स्नायपर समोरच्याला माणूस मानतच नसेल, म्हणून त्याला हे जमत असेल, असे आपल्याला वाटते. इस्राएलमधल्या नेता बार आणि एयाल बेन-आरी या संशोधकांनी तिथल्या ३० स्नायपरांच्या मुलाखती घेऊन २००५ साली जे लिहिले ते याला छेद देणारे आहे. आपण माणूसच मारला याची या नेमबाजांना पुरती जाणीव होती. शत्रूला अमानुष ठरवल्याशिवायही माणूस माणसाला मारू शकतो, असे त्यातून दिसले. व्हिएतनाम आणि इराकहून परतलेल्या सैनिकांच्या पाहण्यांतूनही शिरा मगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, लढाईतले इतर धोके हिशेबात घेऊन वजा केले तरी, स्वतः कोणाचा जीव घेतलेल्यांमध्ये पीटीएसडीची लक्षणे अधिक असतात. स्वतःवर आलेला घाला आणि स्वतः घातलेला घाला यांचे व्रण सारखे नसतात. १९९० च्या दशकापासून काही अभ्यासक या दुसऱ्या प्रकाराला 'नैतिक इजा' म्हणू लागले. यात भीतीपेक्षा अपराधाची, विश्वासघाताची भावना मोठी असते. नाव नवे आहे, पण वस्तू जुनी. महाभारतातले युद्ध जिंकल्यावर, कर्ण आपलाच भाऊ होता हे कळल्यावर, युधिष्ठिर राज्य नको म्हणून वनात जायला निघतो. शांतिपर्वाची सुरुवातच त्या शोकाने होते. त्याला काही धोका उरलेला नव्हता, शत्रू संपलेला होता.

चित्रपटातला काईल डॉक्टरांना सांगतो की झाडलेल्या गोळ्यांचा त्याला खेद नाही, छळतात ते वाचवता न आलेले साथीदार. आत्मकथनातही त्याचा सूर असाच आहे. आम्हाला हे उत्तर खोटे वाटत नाही, पण पुरेसेही वाटत नाही. कारण दिग्दर्शकानेच चित्रपटाच्या आरंभी, रणगाड्याच्या दिशेने हातबाँब घेऊन येणाऱ्या बाईबरोबर एक लहान मुलगा दाखवला आहे. काईलच्या पुस्तकात त्या प्रसंगी तो गोळी झाडतो ती फक्त बाईवर. मुलावरची गोळी चित्रपटाने आणली. पुस्तकातल्या माणसाला ज्याची बोच नव्हती ती, असे दिसते, चित्रपटकाराला मांडावीशी वाटली.

जुळ्या भावांची साक्ष

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एकाच पलटणीतले, एकच लढाई पाहिलेले दोन सैनिक. एकाला आजार जडतो, दुसऱ्याला नाही. व्हिएतनामला गेलेल्या अमेरिकी पुरुषांपैकी आयुष्यात कधी ना कधी पीटीएसडी झालेल्यांचे प्रमाण १९८८ सालच्या मोठ्या पाहणीत सुमारे ३१ टक्के आले होते. तीच माहिती अधिक कडक निकष लावून २००६ साली पुन्हा तपासली तेव्हा ते सुमारे १९ टक्के भरले. कोणताही आकडा धरा, बहुसंख्य सैनिकांना हा आजार झाला नाही. मग ज्यांना झाला त्यांच्यात आधीपासून काही वेगळे होते, की युद्धाने ते घडवले?

मेंदूची छायाचित्रे घेण्याची सोय झाल्यावर पीटीएसडीच्या रुग्णांमध्ये हिप्पोकॅम्पस हा भाग आकाराने लहान असल्याचे दिसू लागले होते. हा भाग घटनांना स्थळ-काळाची चौकट देतो. दिवाळीत फटाक्याच्या आवाजाने आपण घाबरत नाही, कारण दिवाळी आहे, अंगणात मुले आहेत, ही चौकट आपल्याजवळ असते. ती निसटली तर आवाज नुसता स्फोट उरतो. ताणाच्या वेळी स्रवणाऱ्या संप्रेरकांनी हा भाग आक्रसत असेल, असे बऱ्याच जणांना वाटत होते. पण रुग्णाचे चित्र आजारानंतर घेतलेले. आधीचे चित्र कोणाजवळ आहे? युद्धावर जाणाऱ्याच्या मेंदूचे चित्र काढून कोणी ठेवले नव्हते.

या अडचणीवर मार्क गिल्बर्टसन, स्कॉट ऑर, रॉजर पिटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार सुरेख तोड काढली. त्यांनी एकसारखे जुळे भाऊ शोधले, असे की ज्यांतला एक व्हिएतनामच्या लढाईत गेला आणि दुसरा गेला नाही. एकसारख्या जुळ्यांचा जनुकीय वारसा एकच, बालपणीचे घरही बहुधा एकच. तेव्हा घरी राहिलेला भाऊ म्हणजे लढाईवर गेलेल्याचे जणू 'आधीचे चित्र'. आजारी सैनिकात जे दिसते ते त्याच्या घरी राहिलेल्या भावातही दिसले, तर ते मुळातले. भावात दिसले नाही, तर युद्धाने दिलेले. विज्ञानात कार्यकारण ओळखण्याची इतकी स्वच्छ युक्ती क्वचित हाती लागते. वरच्या वर्गांना 'नियंत्रित प्रयोग' शिकवताना हे उदाहरण जरूर वापरावे.

२००२ साली हिप्पोकॅम्पसचा निकाल आला. तीव्र पीटीएसडी झालेल्या सैनिकांचा हिप्पोकॅम्पस लहान होता, आणि युद्ध न पाहिलेल्या त्यांच्या भावांचाही तेवढाच लहान होता. म्हणजे निदान या बाबतीत तरी लहान आकार हा आजाराचा परिणाम नसून आधीपासूनची एक उणीव असावी. अनेकांची अपेक्षा याच्या उलट होती.

पुढच्या वर्षी दचकण्याचा निकाल आला. कानात एकामागून एक मोठे आवाज सोडून हृदयाचे ठोके मोजले. आजारी सैनिकांचे हृदय दर आवाजाला इतरांपेक्षा अधिक उसळत होते. त्यांच्या भावांचे तसे होत नव्हते. ही गोष्ट युद्धातून आली होती.

आम्हाला सर्वांत बोलका वाटतो तो २००८ सालचा तिसरा निकाल, मोहम्मद मिलाद यांच्या गटाचा. यात पहिल्या दिवशी पडद्यावर एका रंगाचा दिवा दाखवून बोटांना विजेचा सौम्य झटका दिला. लवकरच नुसत्या दिव्यानेही हाताला घाम सुटू लागला. मग तोच दिवा झटक्याशिवाय पुन्हा पुन्हा दाखवला आणि घाम थांबला. इथवर आजारी आणि निरोगी यांच्यात विशेष फरक नव्हता. भीती शिकणे सारखे, आणि ती शमणेही सारखे. फरक पडला दुसऱ्या दिवशी. तोच दिवा पुन्हा दाखवल्यावर निरोगी सैनिक आणि घरी राहिलेले भाऊ शांत राहिले. आजारी सैनिकांना पुन्हा घाम सुटला. काल शिकलेला 'आता भिण्याचे कारण नाही' हा धडा त्यांच्यापाशी टिकला नव्हता. आणि त्यांच्या भावांपाशी टिकला होता, म्हणजे ही उणीवही जन्मजात नव्हती, युद्धानंतरची होती.

पाव्हलॉव्हचे कुत्रे आणि पुराचे पाणी

भीती विसरणे म्हणजे पाटीवरचे पुसणे नव्हे, हे पाव्हलॉव्हना ठाऊक होते. कुत्र्याला अन्नाची सूचना देणारा आवाज अन्नाविनाच वारंवार ऐकवला की लाळ सुटणे थांबते. पण काही काळ मध्ये जाऊ दिला की त्याच आवाजाला लाळ पुन्हा सुटते. जुना धडा खाली शाबूत असतो, त्याच्यावर नवा धडा चढलेला असतो इतकेच.

१९२४ च्या सप्टेंबरात लेनिनग्राडला मोठा पूर आला. पाव्हलॉव्हच्या प्रयोगशाळेतले कुत्रे पिंजऱ्यांत अडकले, पाणी चढत गेले, आणि नाकापर्यंत पाणी आलेल्या कुत्र्यांना ओढून, पोहवत बाहेर काढावे लागले. पूर ओसरल्यावर दिसले की काही कुत्र्यांचे नीट शिकवलेले धडे पार नाहीसे झाले आहेत. चिकाटीने काम करून ते परत आणले गेले. मग पाव्हलॉव्हनी एका कुत्र्याच्या खोलीत दाराखालून पाण्याची एक बारीक धार सोडायला लावली. कुत्रा अस्वस्थ होऊन धडपडू लागला आणि त्याचे धडे पुन्हा विस्कटले. पूर नव्हता, फक्त फरशीवर थोडे पाणी होते.

वर चढणारा हा नवा धडा मेंदूच्या पुढच्या, कपाळामागच्या भागाच्या आधाराने उभा राहतो असे आता समजते. तो भाग अमिग्डालाला आवरून धरतो. नव्या धड्याची आणखी एक खोड अशी, की तो जिथे शिकला तिथेच चांगला आठवतो. जुना, भीतीचा, मात्र कुठेही आठवतो. डॉक्टरांच्या खोलीत शांत असलेला माणूस घरच्या मेजवानीत पट्टा उपसतो, त्याचे एक कारण हे.

चित्रपटाने काय सोडले

काईलचे घरातले दचकणे, रक्तदाब, सतत पाळत ठेवणारी नजर, 'मी ठीक आहे' हा हेका, हे सारे चित्रपटाने फार अचूक टिपले आहे. बरे होणे मात्र त्याने पाचसात मिनिटांत उरकले. डॉक्टर त्याला जखमी सैनिकांकडे घेऊन जातात, तो त्यांना नेमबाजी शिकवू लागतो, आणि पुढच्या दृश्यांत घरात हसू येते. दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याने, बरोबरीच्यांच्या संगतीने दिलासा मिळतो हे खरे. पण तो उपचार नव्हे.

दुसरी उणीव अधिक मोठी आहे. दुर्बिणीच्या त्या टोकाचे लोक चित्रपटात बहुतेक चेहऱ्याविनाच राहतात. काईलचा प्रतिस्पर्धी म्हणून उभा केलेला सीरियाचा नेमबाज तर बव्हंशी कल्पित आहे. सैनिकाची खेप संपते, तो विमानाने घरी जातो, आणि मग त्याच्या आजाराला 'आघातोत्तर' हे नाव शोभते. ज्यांचे घरच रमादीच्या त्या रस्त्यावर होते त्यांच्यासाठी 'उत्तर' म्हणण्याजोगा काळ कधी सुरू झाला?

काईलचा शेवट चित्रपटात दाखवलेला नाही, नुसता सांगितला आहे. २ फेब्रुवारी २०१३ रोजी मदतीच्या भावनेने तो आणि त्याचा एक मित्र एका माजी सैनिकाला टेक्सासमधल्या नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेले. तिथे त्या माणसाने दोघांनाही गोळ्या घालून ठार केले. आपण त्या वेळी वेडाच्या भरात होतो हा त्याचा बचाव २०१५ साली न्यायमंडळाने फेटाळला आणि त्याला जन्मठेप झाली. त्याच्यावर पूर्वी पीटीएसडीसाठी उपचार झाले होते, त्यामुळे 'असे रुग्ण म्हणजे केव्हा उलटतील याचा नेम नाही' असा समज त्या काळात बळावला. तो अन्यायाचा आहे. या आजाराच्या बहुसंख्य रुग्णांच्या हातून कोणालाही इजा होत नाही. धोका असतो तो बहुधा त्यांच्या स्वतःच्या जिवाला.

मग उपचार कोणते? झोप आणि दुःस्वप्नांसाठी वापरल्या जाणाऱ्या एका औषधावर, प्राझोसिनवर, मोठ्या आशा होत्या. अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीत ते २०१८ साली खोट्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही. ज्यांचा पुरावा सर्वांत भक्कम आहे त्या पद्धती बोलण्याच्या आहेत, आणि त्यांतली एक एड्ना फोआ यांनी १९८० च्या दशकापासून विकसित केली. तिचे तत्त्व आपण वर पाहिले तेच: नवा धडा, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या जागी. रुग्ण डोळे मिटून तो प्रसंग 'आता घडतो आहे' अशा वर्तमानकाळात मोठ्याने सांगतो. संपला की पुन्हा पहिल्यापासून. हे बोलणे ध्वनिमुद्रित करतात आणि घरी त्याने ते रोज ऐकायचे असते. दीड-दीड तासाच्या अशा आठ ते पंधरा बैठका होतात. काम कष्टाचे आहे, बरेच जण मध्येच सोडून जातात.

बैठकांच्या मधल्या दिवसांत 'गृहपाठ' असतो. कोणत्या गोष्टी टाळतो याची यादी रुग्णाने करायची, भीतीच्या मानाने तिला शून्य ते शंभर असे गुण द्यायचे, आणि मधल्या गुणांच्या गोष्टीपासून सुरुवात करायची. सैनिकांच्या याद्यांत एक गोष्ट हमखास असते. गजबजलेल्या उपाहारगृहात, दाराकडे पाठ करून बसणे. घड्याळ लावून पाऊणएक तास बसायचे. पहिल्या दहा मिनिटांत भीती चढते, तळहात ओले होतात, उठून जावेसे वाटते. उठायचे नाही. मागे दार उघडते, बंद होते, खुर्च्या सरकतात, कोणीतरी ताटली आपटते. आकडा उतरू लागला की तो वहीत टिपायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच यायचे, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी दुसऱ्या उपाहारगृहात.